क्लचमधली हवा

माझ्या मोटारसायकलचा क्लच तारेवर नाही, तेलावर चालतो. लिव्हर ओढली की हँडलवरच्या छोट्या टाकीतलं ऑइल नळीतून खाली इंजिनापर्यंत दाब नेतं. नळीत हवा शिरली की लिव्हर मऊ पडते आणि गिअर टाकताच गाडी मालकाला न विचारता पुढे उडी मारते. लांब पल्ल्यासाठी बनवलेली, तीस वर्षांची ती जपानी गाडी दोन महिने याच दुखण्याने उभी होती, गास गावात सासऱ्यांच्या वाडीतल्या शेडमध्ये.

सासऱ्यांना केळीचे घड ठेवायला शेड हवी होती. मी शब्द देऊन बसलो होतो: रविवारी दुपारपर्यंत गाडी स्वतःच्या ताकदीवर बाहेर पडली नाही, तर तुळिंजचा भंगारवाला टेम्पो घेऊन येईल. आणि रविवार उजाडला होता.

आमच्या रायडिंग ग्रुपचे अध्यक्ष जॅकेटवर इतके बिल्ले लावतात की वाकले तर वाजतात. त्यांचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी शेडमध्ये स्पीकरवर ऐकला. "सर, ही लेजंडरी मशीन आहे. घरी हात लावू नका. पूर्ण सिस्टीम इम्पोर्ट करावी लागेल." हवा काढण्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. भरण्याची सोय मात्र उत्तम होती.

मी पुस्तकाप्रमाणे चाललो होतो. लिव्हर दाबून धरायची, खालचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा पोकळ स्क्रू, पाव आटा उघडायचा, ऑइल बाटलीत जाऊ द्यायचं, निपल बंद, मग लिव्हर सोडायची. अकरा वाजेपर्यंत बाटली भरली, लिव्हर होती तशीच मऊ.

सासरे खुर्ची टाकून बसले. घरची बोली मला बारा वर्षांत अर्धीच आली, म्हणून माझ्याशी ते शाळेतली मराठी काढतात.

"जावई, हवा कुठं काढताय?"

"खालून, पप्पा."

"तिला विचारलंत?"

मी पाना पुसत राहिलो.

"विहिरीवरचा पंप हवा धरतो, तेव्हा मी वरचं बूच उघडतो. हवा आपली आपण वर जाते. तुम्ही तिला सकाळपासून खाली ढकलताय."

मी इंजिनिअर आहे, हे त्या क्षणी शेडमध्ये कुणी बोललं नाही, हा सासऱ्यांचा मोठेपणा.

नाक्यावरच्या मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली. "पेशंट कोण?" दुकानदाराने विचारलं. "मोटारसायकल," म्हटलं. त्याने पावती केली.

सिरिंजमध्ये ताजं ऑइल भरलं, तिच्यातली हवा आधी काढली, पारदर्शक नळी निपलला लावली आणि निपल उघडून हळूहळू खालून वर दाबायला लागलो. सासरे चष्मा लावून झाकण काढलेल्या वरच्या टाकीवर वाकले. पेट्रोलच्या टाकीवर रंग आहे आणि हे ऑइल रंग खातं, म्हणून त्यांच्या हातात ओलं फडकं होतं.

"आली," ते म्हणाले.

"किती?"

"बारीक बारीक. थांबा, दाबत राहा. ही मोठी आली बघा, तुमच्या अध्यक्षांएवढी."

तीन सिरिंज गेल्या. शेवटी शेवटी वर नुसतं स्वच्छ ऑइल येत होतं. निपल बंद केला, टाकीतलं जास्तीचं ऑइल टिपून झाकण लावलं आणि लिव्हर ओढली. अर्ध्यातच बोटांना ती भरीव लागली, ताठ, सरळ नजरेला नजर देणाऱ्या माणसासारखी. इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकला. खट्. गाडी जागची हलली नाही. गिअरमध्ये असूनही ढिम्म उभी राहणारी गाडी बघून मला इतका आनंद होईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला अध्यक्षांकडे पाठवलं असतं.

तेवढ्यात टेम्पो आला. भंगारवाल्याने मान बाहेर काढली. "काका, कुठली न्यायची?"

"ती निघाली," सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अर्नाळ्याला सोडा मला. मासळी घ्यायचीय. नाहीतरी शेड रिकामी करायचीच आहे."

ते मागे बसले. अरुंद रस्त्यावर रिकामा टेम्पो आमच्या पुढे चालला होता. वळण सरल्यावर मी लिव्हर ओढली, गिअर खाली टाकला, तो लोण्यात सुरी जावी तसा पडला, आणि आम्ही टेम्पोला मागे टाकलं. सासऱ्यांनी भंगारवाल्याला हात केला, मिरवणुकीत करतात तसा, सावकाश.