फॉर्मॅट न मारता

बाबांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपूरला झालं आणि आवाज कायमचा गेला. त्याआधी आठवडाभर ते कॉम्प्युटरसमोर बसून वाक्यं वाचत होते. त्यावरून एका अ‍ॅपने त्यांचा आवाज तयार केला. ते टाइप करायचे, कॉम्प्युटर त्यांच्या आवाजात बोलायचा. कागदावर लिहून दाखवणं त्यांना साफ नामंजूर होतं.

अ‍ॅप बनवणारी कंपनी पुढे बंद पडली. म्हणजे अ‍ॅप गेलं की बाबांचा आवाज दुसऱ्यांदा गेला. हे माहीत असून मी कॉपी काढून ठेवली नव्हती. माझ्या आळशीपणाला तोड नाही.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टीम बिघडली. अ‍ॅप उघडायला गेलं की स्क्रीन निळी होऊन मशीन बंद, पुढेपुढे तर सुरू होतानाच. पुलगावच्या कॉम्प्युटर दुकानदाराने नीट न बघताच निकाल दिला, "फॉर्मॅट मारून देतो ना ताई. फोटो-गिटो काढून ठेवतो."

"आणि अ‍ॅप?"

"ते नवीन टाका लागन."

आमच्याकडे सर्दीला वाफ, तसा कॉम्प्युटरला फॉर्मॅट. मी मशीन उचलून नाचणगावला परत आणलं.

घरी मीही तोच शहाणपणा केला. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे सिस्टीम नव्याने टाकायच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, तर समोर सगळं पुसून टाकायचाच रस्ता. बोट बटणावर होतं. पण अ‍ॅप्स तशीच ठेवायच्या पर्यायाची ओळ दिसेना, म्हणून थांबले आणि मोबाइलवर वाचत बसले. ती ओळ चालू सिस्टीमच्या आतून पेनड्राइव्हवरचा सेटअप उघडला तरच येते म्हणे. आता बिघडलेली सिस्टीम चालू तर व्हायला हवी. तिसऱ्या खेपेला ती कशीबशी झाली. 'फायली आणि अ‍ॅप्स ठेवा' यावर मी खूण केली.

तीन तास गेले. मशीन आपोआप बंद व्हायचं, सुरू व्हायचं. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून होते. दोन दिवसांत त्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. जेवणही अर्धवट टाकत होते. भीती मला वाटत होती आणि राग त्यांच्यावर येत होता.

शेवटी अ‍ॅप होतं तिथेच दिसलं आणि उघडलंही. मला रडू फुटलं. "बाबा, आला तुमचा आवाज," म्हणत मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं.

"गळ्याच्या दुसऱ्या बाजूले हाताले गाठ लागून राह्यली. आठ दिवस झाले. तुले कसं सांगू म्हणून थांबलो होतो."

आवाज अगदी ठणठणीत होता, ऑपरेशनच्या आधीचा.