झुंबरबाईच्या गुऱ्हाळातलं हायस्कूल

आमच्या हायस्कूलला पन्नास वर्षं झाली आणि त्याच वर्षी ते बंद पडलं. पडलं कसलं, पाडलं!

ते सुरू झालं झुंबरबाईच्या गुऱ्हाळात. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढं तालुक्याला, गारगोटीला. पोरं जायची, पोरी घरात बसायच्या. झुंबरबाई स्वतः तशीच बसलेली. ऐन तरुणपणी नवरा गेला, पोरगा हंबीरराव पाळण्यात. तिनं गूळ करणंच थांबवलं, ऊस बिद्रीच्या कारखान्याला घातला आणि गुऱ्हाळ, भोवतालच्या माळासकट, हायस्कूलला देऊन टाकलं. भाऊबंद म्हणाले, बाई खुळी झाली. त्या धुरकटलेल्या भिंतींत मी आठवी शिकलो. दप्तरांना गुळाचा वास यायचा, मुंगळे मांड्या फोडायचे. पुढं तिथंच पक्क्या खोल्या झाल्या.

यंदा सुवर्णमहोत्सव. संस्थेचे अध्यक्ष सम्राटदादा. त्यांनी चौकात भलंमोठं डिजिटल पोस्टर लावलं, त्यावर हात जोडलेली झुंबरबाई. सभेत म्हातारीला शाल, नारळ, हार. केसानं गळा कापायचा तर आधी त्यात हार घालायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. मग दादा म्हणाले, पटसंख्या नाही, हायस्कूल बंद करतोय. इथं मंगल कार्यालय होणार आणि गावातल्या लेकींची लग्नं फुकट! टाळ्यांचा कडकडाट झाला. झुंबरबाईला नीट ऐकू येत नाही. सगळे वाजवतायत म्हणून तीही टाळ्या वाजवत होती.

तिला कळलं ते घरी. हंबीररावनं ओरडून सांगितलं, "आई, पयला नंबर आपलाच लावलाय. क्रांतीचं उरकून टाकू. फुकट हाय की!"

क्रांती त्याची धाकटी पोरगी. पंधरा वर्षांची, नववी पास झालेली.

"आणि तिची धाव्वी?"

"गारगोटीला एकटी पोर कोण धाडतंय?"

पन्नाशीच्या पोराच्या मुस्काटात बसली. "पोरी शिकाव्यात म्हणून जागा दिलती रं भाड्या, उजवायला न्हाय!"

दुसऱ्या दिवशी ती क्रांतीला घेऊन गारगोटीच्या एसटीत बसली. मी सोबत होतो. तिथल्या हेडमास्तरांनी दाखला पाहिला आणि तिच्या कानाशी वाकून विचारलं, "पालक म्हणून कुणाचं नाव लिहू? वडील आहेत ना?"

"बाप जित्ता हाय," झुंबरबाई म्हणाली, "पर माजं घाला."