दिलीपचा प्रोग्रॅम आणि साहेबांचा हिरा

दिलीप आज पहाटे गेला आणि दुपारच्या आत आमच्या जुन्या साहेबांनी पोस्ट टाकून त्याच्या नावाने स्वतःचीच आरती ओवाळून घेतली.

"माझ्या हाताखाली घडलेला हिरा."

शी.

नव्वदच्या सुमारास अंबरनाथच्या एका रंगाच्या फॅक्टरीत कॉम्प्युटर विभागात आम्ही तिघं होतो. साहेब, दिलीप आणि मी.

बॅचचा रंग का बिघडला हे शोधणारा प्रोग्रॅम दिलीपने प्रोलॉग नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. आपण नियम सांगायचे, उत्तर ती भाषा शोधते. आकडेमोडीसाठी तो प्रोग्रॅम युनिक्सवर वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतःच्या पोटातून एक छोटं काम, सुरू करायचा, ती संपेपर्यंत थांबायचा, मग पुढे.

"थांबायचं कशाला?" मी विचारलं.

"अहो वैद्यबाई, पोरगं काम उरकून दारात आलं की बापाने आत घ्यायला नको? नाहीतर तिथेच उभं राहतं. दारात गर्दी झाली की मशीन नवीन काही चालूच करत नाही."

हेड ऑफिसचे लोक डेमोला येणार होते.

"स्क्रीन अडकते, वाईट दिसतं. ते थांबणं काढ," साहेब म्हणाले.

"साहेब, मशीन बसेल."

"शहाणपणा नको. काढ म्हटलं ना?"

काढलं. डेमो झकास झाला. साहेबांनी पेढे खाल्ले.

"आता परत टाकू?" दिलीपने विचारलं.

"पळतंय ना छान? राहू दे."

पुढच्याच आठवड्यात मशीन ठप्प. मालाची चलनं त्याच मशीनवर निघायची, ती निघेनात, गेटवर ट्रकची रांग. जनरल मॅनेजर स्वतः खाली आले.

साहेबांनी दिलीपकडे बोट केलं. "याला किती वेळा सांगितलं, प्रोसेस संपेपर्यंत थांबायला हवं म्हणून!"

त्याचंच वाक्य. त्याच्याच तोंडावर.

"हे खोटं आहे," मी तिथल्या तिथे म्हटलं.

"मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका."

दिलीपला स्टोअरमध्ये टाकलं. पिंपं मोजायला. कॉम्प्युटरला त्याचा हात पुन्हा लागू दिला नाही. रिटायर झाला तोही तिथूनच.

आत्ता कात्रपला त्याच्या घरी जाऊन आले. वहिनींच्या हातात फोन होता, साहेबांची पोस्ट उघडी.

"ताई, हे तर स्टोअरला होते ना? मग हिरा कसला?"

घरी त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

मी साहेबांच्या पोस्टखाली खरं काय ते लिहिलं. पाच मिनिटांत उडवलं त्यांनी.

म्हणून इथे लिहिते आहे.

वहिनी, तो प्रोग्रॅम दिलीपचा होता. पूर्ण, एकट्याचा. चूक त्याची नव्हती. मुलांना सांगा.

दिलीप, नमस्कार. सुखाने जा.