मायच्या कपाळावरची गाठ

डॉक्टरांनी मायचा पदर डोक्यावरून ओढला. न विचारता. मग एकेका विद्यार्थ्याला पुढे बोलावलं. प्रत्येकाने तिच्या कपाळावरचं टेंगूळ दाबून पाहिलं. माय डोळे मिटून पडली होती. भर वॉर्डात, इतक्या पुरुषांत, उघड्या डोक्याने.

कलकत्त्याचं मोठं इस्पितळ. बा तिथेच, गार्डन रीच भागात, रेल्वेच्या ऑफिसात शिपाई. आम्हाला ना बंगाली येत होतं, ना इंग्रजी. म्हणून बाच्या ऑफिसातले मराठी साहेब सोबत आले होते. आम्ही त्यांचे उपकार मानत होतो.

डॉक्टरांनी इंग्रजीत काही विचारलं. साहेबांनी मायकडे पाहिलंही नाही. स्वतःच उत्तर दिलं. विद्यार्थी हसले.

"का म्हणते वं ते?" मायने मला विचारलं.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "इतक्या उशिरा का आणलं, विचारतायत. मी सांगितलं, खेडवळ माणसं. दुखलं तरी यांना कळत नाही."

कळत नाही?

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात आधी तिला वास येईनासा झाला. भात करपला, आजीने हाणलं. मग रोज सकाळी डोकं ठणकायचं, ओकारी यायची. तशीच चिखलात धानाच्या रोवणीला जायची. दवाखान्यातल्या डॉक्टरने आमची वस्ती विचारली आणि टेबलापलीकडूनच गोळ्या फेकल्या. म्हणाला, "कामचुकारपणा." भगताने मिरचीची धुरी दिली. कपाळावर टेंगूळ आलं, नजर अंधुक झाली, तेव्हा बाने इकडे आणलं.

मी ओरडले. मोडक्या हिंदीत. "माँ ने सबको बताया! किसी ने सुना नहीं!"

बा हात ओढत होता. साहेब म्हणाले, "गप्प बस." मी बसले नाही. डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा मायच्या तोंडाकडे पाहिलं.

नंतर एका नर्सने समजावलं. मेनिंजिओमा. मेंदूच्या आवरणाची गाठ; तिच्यामुळेच कपाळाचं हाड वर आलेलं. कर्करोग नव्हे. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, बायकांत जास्त. वेळेत काढली तर नजर वाचते. "पण गाँव की औरतें," ती म्हणाली, "अंधी होकर ही आती हैं."

गाठ निघाली. माय वाचली. पट्टी सोडली तेव्हा म्हणाली, "दिवा लाव नं वं."

दुपार होती.

साहेब संत्री घेऊन आले. म्हणाले, "नशीब एकेकाचं."

"नशीब नाही, साहेब." संत्री मी घेतली नाहीत.

गावी गेले ती सरळ त्या दवाखान्यात. बाहेर आमच्या वस्तीतल्या बाया उन्हात बसलेल्या. डॉक्टर मला बघून उठला. मी दारात आडवी बसले.

"माझी माय आंधळी झाली," मी म्हटलं. "आता या प्रत्येकीला हात लावून तपासा. तोवर मी उठत नाही."