झाकणाला दम लागतो तेव्हा

जुनी गाडी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीटखाली शेंगांची टरफलं साठतात, तसे ते आपसूक साठतात. माझे तर बहुतेक सगळे एकाच मुठीएवढ्या वस्तूचे आहेत: पेट्रोलच्या टाकीचं झाकण! जव्हारला कॉलेजात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली; पण त्या झाकणाबद्दल ठाम काही बोलायची अजून छाती होत नाही.

आमची टोळी तिघांची. मी, बँकेतून रिटायर झालेले विष्णुपंत आणि सूर्यमाळचा काशिनाथ. काशिनाथ भात-नागली पिकवतो. दर आठवड्याला मी आणि विष्णुपंत खोडाळ्याच्या बाजाराला जातो, तिथं काशिनाथ भेटतो, आणि परतण्याआधी आम्ही त्याला वर त्याच्या पाड्यावर सोडतो.

•

झाकण फिरवताना ‘टिक टिक’ वाजतं. किती वाजलं म्हणजे पुरे? एकदा पंपावरून निघालो आणि शंका आली म्हणून उतरून पाहिलं. पुढच्या वळणावर पुन्हा. मोखाड्याच्या अलीकडे पुन्हा!

विष्णुपंत म्हणाले, “प्रोफेसर, झाकणाला विश्वासात घ्या. त्यालाही वाईट वाटत असेल.”

•

इतकी काळजी घेणाऱ्या माणसाने ते झाकण एकदा पंपावर गाडीच्या टपावरच विसरावं! खोडाळ्याला पोचल्यावर लक्षात आलं. धावत गाडीपाशी गेलो, तर महाराज टपावर जिथल्या तिथं! सगळा घाट उतरून, सगळी वळणं घेऊन!

मी म्हटलं, “घर्षण जास्त असावं.”

“घर्षण कसलं?” विष्णुपंत म्हणाले. “तुम्ही गाडी कशी चालवता, त्याचं हे सर्टिफिकेट आहे.”

•

मग वास सुरू झाला. झाकणाचं रबर चिरलं होतं. आमच्या मालतीबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, “अहो, देवळात गेले तरी बायका विचारतात, पंपावरून आलात का?”

ठाण्याची मुलगी आधीच मागे लागली होती, या वयात गाडी कशाला म्हणून. मला मात्र धडकी भरायची. गाडी गेली की खोडाळा गेलं, काशिनाथ गेला. उरलं काय, तर गॅलरी आणि औषधाचं दुकान.

काशिनाथने एका मिनिटात इलाज केला. खताच्या गोणीतलं जाड प्लास्टिक कापलं, टाकीच्या तोंडावर धरलं आणि वरून झाकण गच्च आवळलं.

“उन्हाळ्यात आमी ड्रमातून पाणी आणतो, सर. रस्ता असा! पन झाकनाखाली प्लास्टिक घातलं का थेंब सांडत नाय.”

वास गेला! मालतीबाईंनी काशिनाथसाठी लोणच्याची बरणी पाठवली.

•

पुढच्याच बाजाराला सूर्यमाळच्या चढावर गाडी आचके देत बंद. काट्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून पेट्रोल बघायला झाकण उघडलं, तर फुस्स! आवाज बाहेर येणारा नव्हता, आत जाणारा होता. चावी फिरवली, गाडी चालू!

काशिनाथ म्हणाला, “तिला दम लागला व्हता.”

नंतर प्रत्येक वेळी तेच. ऊन कारण की चढ? की माझा पाय? शेवटी चढाआधीच्या वडाच्या वळणावर थांबायचं, झाकण उघडायचं, ‘फुस्स’ ऐकायचं आणि निघायचं, असा रिवाजच पडला. तिथं करवंदं विकणाऱ्या बाईने एकदा विचारलंच, “बाबा, दर बाजाराला उघडून काय बघता?”

“पेट्रोल आहे का ते.”

“मंग आत काटा कशाला लावलाय?”

ही बातमी घरी पोचली. मालतीबाईंनी निकाल दिला, “पुन्हा एकदा वाटेत थांबलात, की विकायची!”

•

उत्तर सापडलं ते चहा पिताना. पेट्रोल कमी होतं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीकशी वाट असते. ती आमच्या प्लास्टिकने बुजली होती! पत्र्याच्या डब्यातली हवा काढून तो चेपून दाखवायचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करायचो. मुलं टाळ्या वाजवायची. आता टाळ्या कोणी वाजवायच्या?

नाशिकहून नवं झाकण आणलं, कोऱ्या रबराचं, स्वतःची वेगळी किल्ली असलेलं. ना वास, ना आचके. फक्त काशिनाथला सांगायचं राहिलं. तुझ्या प्लास्टिकनेच गाडीचा गळा आवळला होता, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू?

•

त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्याने आम्हाला घरी जेवायला बोलावलं. मालतीबाई पुढे माझ्याशेजारी, मागे विष्णुपंत आणि काशिनाथ. गाडी कशी लोण्यासारखी चालली होती! वडाचं वळण आलं.

“सर, थांबवा,” काशिनाथ मागून म्हणाला. “तिला दम घेऊ द्या.”

मी मालतीबाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. मी आरशात पाहिलं. काशिनाथ वाट बघत होता.

मी थांबलो. उतरलो, किल्लीने झाकण उघडलं. काशिनाथने कान पुढे केला.

काहीच नाही.

“आज बोलली नाय,” तो खट्टू होऊन म्हणाला.

“आज वहिनी बसल्यात ना आत,” विष्णुपंत म्हणाले, “लाजली असेल.”

मी झाकण लावलं. टिक, टिक, टिक. स्टिअरिंगवर येऊन बसलो. इंजिन मघापासून चालूच होतं. मालतीबाईंनी ते ऐकलं, मग सावकाश माझ्याकडे वळल्या.

“गाडी तर थांबली नाही. थांबलात तुम्ही. मग आता विकायचं कुणाला?”