गळ्याचं माप

टेलर मास्तरांचा थोरला भाऊ शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेला. पाय पायडलवर, सुईखाली अर्धवट कॉलर आणि मान पुढे टेकलेली. डुलकी लागली असेल म्हणून बराच वेळ कोणी उठवलंच नाही. तेव्हापासून मास्तरांनी खुर्चीची धास्ती घेतली. ज्या धंद्यात माणूस सकाळपासून दिवे लागेपर्यंत खुर्चीला चिकटलेला, त्या धंद्यातल्या माणसाने खुर्चीला भ्यावं, म्हणजे पोहणाऱ्याने पाण्याला भिण्यातला प्रकार.

तसे मास्तर जात्याच भित्रे. कात्री हातातून पडली तरी आधी छातीवर हात जायचा. भाऊ गेल्यावर ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं तपासून सांगितलं, "काही नाही, पोट जरा कमी करा, रोज चाला." यातलं ‘काही नाही’ मास्तरांच्या कानापर्यंत पोहोचलंच नाही. ‘पोट’ मात्र थेट काळजात घुसलं. इतकं पोट सुटेपर्यंत या माणसाला पत्ता कसा लागला नाही, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर सोपं आहे. स्वतःची पॅंट कंबरेत आवळायला लागली की मास्तर दुपारी दोन मिनिटांत ती सैल करून घालायचे. दुसऱ्यांना निदान टेलरकडे जाताना तरी लाज वाटते. यांना तीही सोय नव्हती.

मग एकदम शिस्त आली. चहातली साखर गेली, तळण गेलं, ताटात अर्ध्याहून जास्त भाज्या आल्या. दुकानात एक बाही जोडून झाली की उठायचं, दारापर्यंत जायचं, हात वर ताणायचे, परत बसायचं. गिऱ्हाइकं हसायची. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. आणि सकाळी तळ्याभोवती चालणं. पण एकट्याने चालायचीही भीती. वाटेत काही झालं तर? म्हणून बायकोला बरोबर घेतलं.

बायको त्याच दुकानात काज-बटण आणि हातशिलाई करायची. अंगाने भरलेली, बोलायला मोकळी, गोडाची शौकीन. "तुमचं हृदय आणि तंगडतोड माझी," असं म्हणत ती निघाली खरी, पण चालू लागली आणि चालतच सुटली. सुरुवातीला ती मास्तरांच्या मागे असायची. मग बरोबरीला आली. मग पुढे. मास्तर धापा टाकत "अगं, हळू," म्हणत मागून यायचे आणि मनातून फुलून जायचे. जगात चालण्याचा गुण इतक्या लवकर कोणाला आला नसेल!

ती झपाट्याने उतरू लागली. मास्तर काकडीवर दिवस काढायचे तेव्हा त्यांचा पट्टा कसाबसा एक भोक आत जायचा. ही दोन वेळा वाढून घ्यायची, अधेमधे डबे धुंडाळायची, तरी ड्रेस अंगावर लोंबायला लागायचे. तिला सारखं उकडायचं. भर थंडीत दुकानाचा पंखा लावायची. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "चरबी जळतेय. आग बाहेर पडणारच." हे त्यांनी कुठे वाचलं होतं देव जाणे.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. तिची बटणं वाकडी लागायला लागली होती. सुईत दोरा ओवताना हात थरथरायचा. मास्तर ओरडले, "चष्मा बदल आधी." ती म्हणाली, "डोळ्यांना धड दिसतंय हो. हातच थांबत नाही." मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. स्वतःच्या छातीत जरा कळ आली तर घर डोक्यावर घेणारा माणूस, पण बायकोच्या हाताकडे त्याने बघूनही बघितलं नाही.

आणि त्याच दिवसांत त्यांनी ते केलं, जे त्यांच्या धंद्यात कोणी करत नाही. कपडा शिवताना कडेच्या शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात. त्याला माया म्हणतात. उद्या माणूस अंगाने भरला तर शिवण उसवायची आणि ते कापड बाहेर घ्यायचं. आटवताना शिवण आत घेतात, पण आतलं कापड कोणी कापत नाही. मास्तरांनी तिचा आवडता निळा ड्रेस तिसऱ्यांदा आटवला आणि ऐटीत कात्री चालवली. कडेच्या दोन्ही लांब पट्ट्या टेबलावर पडल्या. ते म्हणाले, "ही माया आता तुला परत लागणार नाही."

ती हसली. म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो, चहात नाही तर नाही."

बक्षीस म्हणून तिला नवा ड्रेस शिवायचं ठरलं, बंद गळ्याचा. मास्तरांना तिची मापं तोंडपाठ होती. लग्न झाल्यापासून तिचे कपडे तेच शिवत आले होते. तरी आता ती बदललेली, म्हणून दुपारी दुकान रिकामं असताना त्यांनी तिला समोर उभं केलं. छाती उतरली होती, कंबर उतरली होती, दंड तर काठीसारखा लागला. प्रत्येक मापाला मास्तर "वा!" म्हणत होते. शेवटी टेप गळ्याभोवती घेतली.

गळा वाढला होता.

त्यांना वाटलं टेप पिळली गेली. काढली, सरळ केली, परत लावली. तेच. सगळं अंग उतरलेल्या बाईचा गळा कसा वाढेल? त्यांनी टेप बोटांत धरून ठेवली आणि मग त्यांना कळलं की टेप हलतेय. ती शांत उभी होती आणि टेपखाली तिची नाडी धावत होती, कोणी पाठीस लागल्यासारखी.

"काय झालं हो? वा म्हणायचं राहिलं," ती म्हणाली.

"चप्पल घाल," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी प्यायला लावलं, पिताना गळ्यावर बोटं ठेवली, हात पुढे धरायला सांगून बोटांची थरथर पाहिली. नाडी बघताना त्यांनी मास्तरांकडे मान वळवली. "रोज चालता म्हणालात. जोरात?"

"चांगलंच जोरात," मास्तर म्हणाले.

"मी सांगेपर्यंत बंद. तिचं हृदय आधीच पळतंय, त्याला आणखी पळवू नका. रक्त तपासू आणि गळ्याची सोनोग्राफी करू. मग बोलू."

"गाठ आहे का?"

"रिपोर्ट आल्यावर बोलू," बाई म्हणाल्या. त्या नेहमी असंच म्हणत असतील, पण मास्तरांनी ते ‘हो’ असंच ऐकलं.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मास्तर भीतीने अर्धे झाले. आयुष्यभर ते स्वतःच्या मरणाला भ्यायले होते, आणि ती भीती किती लाडाची होती हे त्यांना आता समजलं. तिला गोंजारता यायचं, तिच्यासाठी काकडी खाता यायची. या भीतीपुढे काही करता येत नव्हतं. बायको समोर बसून वाकडी बटणं लावायची आणि ते तिच्या गळ्याकडे बघत राहायचे. आपल्या भीतीपायी हिला तळ्याभोवती पळवली. उतरत गेली तसे टाळ्या वाजवत गेलो. आणि सगळ्यात जास्त ते वाक्य छळायचं. ही माया आता तुला परत लागणार नाही. कोणत्या तोंडाने बोललो? काय कापलं आपण?

एका सकाळी तिला काही न सांगता त्यांनी दुकानातलं चिंध्यांचं पोतं जमिनीवर उलटं केलं आणि निळ्या पट्ट्या शोधू लागले. त्या मिळाल्या तर सगळं ठीक होईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. लाल सापडलं, करडं सापडलं, शाळेच्या गणवेशाचं ढीगभर सापडलं. निळं नाही.

"काय हरवलंय?" तिने दारातून विचारलं.

"सुई," ते म्हणाले. चिंध्यांच्या ढिगात सुई शोधणारा टेलर तिने पहिल्यांदाच पाहिला असेल. ती शेजारी येऊन बसली आणि थरथरत्या हातांनी चिंध्या परत पोत्यात भरू लागली. तेव्हा मास्तर रडले.

रिपोर्टमध्ये गाठ नव्हती. थायरॉइडची ग्रंथी वाढली होती आणि नको तितकं काम करत होती. त्यानेच अंग उतरत होतं, हात कापत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, पण वेळेवर आलात. मास्तरांच्या कानात यातलं फक्त ‘बरेच महिने’ राहिलं.

भीती गेली नाही. रोज सकाळी ते टेप घेऊन हजर. शेवटी ती वैतागली. "गळा आहे माझा, फुगा नाही. दुकान उघडा जा."

हळूहळू पंखा बंद झाला. बटणं सरळ लागू लागली. बाईंनी सावकाश चालायची परवानगी दिली. आणि एका सकाळी तळ्याकडे निघताना ती आतल्या खोलीतून ओरडली, "अहो, निळा ड्रेस मुंढ्यात काचतोय, बगलेपाशी. जरा उसवून द्या."

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. काचतोय! त्यांनी तिला परत म्हणायला लावलं. मग कात्री घेऊन ड्रेस उलटा केला, आणि चेहरा पडला. आत काहीच नव्हतं.

"काय उसवू? कापून टाकलंय मी."

तिने त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं. "मग ते काय आहे?"

मास्तरांनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं. मूठ अंगठ्याला रुतू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळायची त्यांची जुनी सवय. दोन्ही पट्ट्या तिथेच होत्या, एकीवर एक, तेलाने काळपटलेल्या. ज्या कात्रीने कापल्या तीच हातात धरून त्यांनी अख्खं पोतं उपसलं होतं.

त्यांनी पट्ट्या सोडवल्या, साबणाने धुतल्या, इस्त्रीने वाळवल्या, आणि दोन्ही बगलांत त्यांच्या कळ्या, म्हणजे ड्रेस सैल करणारे निमुळते तुकडे, जोडायला बसले. बाही झाली की उठायचा नियम त्या दिवशी त्यांना आठवलाही नाही.

तिने ड्रेस घालून हात वर केले. बगलेत मळकट निळं दिसत होतं.

"वेगळं दिसतंय की हो. आणि सैल किती ठेवलंत!"

"राहू दे सैल," मास्तर म्हणाले. "तू भरून काढ."