घाटात बंद पडणारी गाडी

आमच्या साडभाऊंइतकी बस वाशीम जिल्ह्यात आजवर कोणी चालवली नसेल, आणि पुढेही कोणी चालवणार नाही. बाकीचे ड्रायव्हर रिटायर झाले की स्टेरिंग सोडतात. कोणी पारावर बसतो, कोणी दोन बकऱ्या बांधतो, कोणी सुनेच्या स्वयंपाकात चुका काढतो. साडभाऊंनी नोकरीत चालवली त्याहून जास्त बस रिटायर झाल्यावर चालवली, आणि तीही मेडशीच्या राहत्या घरात, लाकडी खुर्चीवर बसून, लॅपटॉपवर. मी शेलूबाजारचा माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा माणूस. वांगी, मेथी, सांबार लावतो आणि बाजारात बसतो. सांबार म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर. शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढे मास्तरचं आणि माझं जमलं नाही. त्यामुळे यंत्रातलं मला कळत नाही असं कोणाला म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. माणसातलं मला कळतं, आणि हा माणूस मी लग्नापासून पाहतो आहे. माझी बायको थोरली बहीण, त्यांची कांता धाकटी, म्हणून आम्ही एकमेकांचे साडभाऊ. दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली आणि त्या मांडवातही ते उशिरा आले, कारण वरातीच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांना पसंत पडला नाही म्हणून नवरदेवानं बाशिंग बांधून स्वतः गाडी हाकत आणली होती.

लॅपटॉप घ्यायला ते अकोल्याला गेले तेव्हा मी सोबत होतो. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो, त्याच्या यंत्रावर त्यांनी बसचा खेळ पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. दुकानात गेल्यावर लोक काय विचारतात मला माहीत नाही. साडभाऊंनी काही विचारलं नाही. टरबूज पाहावं तसा एकेक लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि सगळ्यांत जड होता त्यावर हात ठेवला.

"काका, हा गेमिंगचा आहे," दुकानदार म्हणाला. "पोरं घेतात. तुमच्या कामाला साधा चालेल."

"हलकी गाडी रस्ता धरत नाई," साडभाऊ म्हणाले. "हाच बांधा."

त्या लॅपटॉपच्या बटनांखाली लाल-निळे दिवे लागत, लग्नाच्या ट्रकला असतात तसे. आत दोन पंखे होते. घरी येईपर्यंत त्यांनी मला ते किती वेळा सांगितलं असेल! "दोन पंखे हायेत बाप्पा. मही जुनी गाडी एका पंख्यावर जिंदगीभर चालली." मला तेव्हाच वाटलं होतं, ज्या इंजिनाला दोन पंखे लागतात त्याच्या तब्येतीत काहीतरी खोट असणार. पण मी बोललो नाही. वस्तू घेताना माणसाला अडवू नये, आणि घेतल्यावर तर मुळीच अडवू नये.

दुपारचं जेवण झालं की त्यांची ड्यूटी सुरू होई. खाकी शर्ट चढवत. शर्टाचा खिसा उसवलेला, पण इस्त्री कडक. मग पेपराचा बोळा ओला करून पडदा पुसत, कारण समोरची काच साफ नसेल तर गाडी काढायची नाही. टेबलाभोवती एक चक्कर मारत. वाकून टेबलाखाली पाहत. मी एकदा विचारलं, "तथी काय पाह्यता?" तर म्हणाले, "सवय हाय, टायर पाह्यतो." मग खुर्चीवर बसून नमस्कार करत आणि गाडी सुरू. वळण आलं की सगळं अंग घेऊन झुकत. डावीकडचं वळण असलं तर डाव्या बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या हमखास पडे. भिंतीवर त्यांनी रंगानं लिहून घेतलं होतं, 'चालकाशी बोलू नये.' एकदा मी पिशवीभर वांगी घेऊन गेलो आणि दारातून राम राम घातला, तर त्यांनी मान न वळवता भिंतीकडे बोट केलं. मीही मानी माणूस आहे. पुन्हा ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही असं ठरवून निघालो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, कारण एवढी वांगी खाणारं घर आमच्या नात्यात दुसरं नाही.

त्या खेळातले रस्ते परदेशातले. तिकडे लोक उजव्या बाजूनं गाडी हाकतात. साडभाऊ डाव्या बाजूनं हाकत. परिणामी त्या देशातली यच्चयावत वाहनं त्यांच्या अंगावर येत.

"साडभाऊ, सारे लोक तिकडून जाऊन राह्यले, तुमीच काहून इकडून?"

"सारे चुकून राह्यले."

"सारेच?"

"मंग? मह्या लायसनवर एक डाग नाई."

महिनाभर धडका खाल्ल्यावर त्यांनी तडजोड केली आणि रस्त्याच्या मधोमध चालवू लागले. त्यामुळे दोन्हीकडच्यांची गैरसोय सारखी झाली.

इथवर वाचून कोणाला वाटेल, म्हाताऱ्याला पोरखेळाचा नाद लागला. मलाही तसंच वाटत होतं. पण कांताची गोष्ट सांगितल्याशिवाय ह्या माणसाचा हिशेब लागत नाही. कांताला गाडी लागते. थोडीथोडकी नाही. जन्म गेला बसच्या ड्रायव्हरसोबत, पण बसमध्ये बसली की मेडशीच्या फाट्यापर्यंतही टिकत नाही. डिझेलचा वास आला की डोळे फिरतात आणि पहिल्या वळणाला सगळं बाहेर. सुरुवातीला साडभाऊंनी तिला अगदी आपल्या सीटच्या मागं बसवून पाहिलं. लिंबू दिलं, आलं दिलं, गोळ्या दिल्या, कोणी सांगितलं म्हणून पोटाला कागद बांधला. शेवटी तिनंच हात जोडले. तेव्हापासून शिरपूरला माहेरी जायची ती बैलगाडीनं, आणि बैलगाड्या गेल्या तसं माहेरही मागं पडलं. साडभाऊ जिल्हा पालथा घालून रात्री घरी येत आणि जेवताना सांगत, आज पुलाखाली पूर कसा होता, पातूरच्या घाटात मोर कसा आडवा आला, पळस कसा फुलला. ती ऐकून घेई. "तुमचंच नशीब," एवढं म्हणे आणि भाकर वाढे.

खेळ सुरू झाल्यावर एकदा ती चहा घेऊन आली आणि त्यांच्या मागं उभी राहिली. पडद्यावर बस मोठ्या वळणावर होती. तिनं सवयीनं पदर तोंडाला लावला आणि थोड्या वेळानं काढला.

"अवो," ती म्हणाली, "मले काईच नाई झालं."

साडभाऊंनी चालत्या गाडीत मान वळवली आणि बस खांबावर घातली. मला वाटतं, उभ्या जन्मात त्यांनी रस्त्यावरची नजर तेवढी एकदाच काढली असेल.

त्या दिवसापासून खुर्चीमागं दुसरी खुर्ची लागली. भांडी घासून, पदर खोचून कांता दुपारी तिथं येऊन बसू लागली. बाजूनं बर्फाचे डोंगर जात, द्राक्षांचे मळे जात. ती विचारी, "हे कोनतं गाव आलं?" तिथलं एकही नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं, म्हणून ते सांगत, "आपल्या शेलूबाजारासारखंच हाय. मोठं हाय इतकंच." ह्या खेळात जसजशी गाडी चालवाल तसतसे नवे रस्ते उघडतात. त्यात एक रस्ता मोठा घाट उतरून समुद्राला जातो असं मुलानं सांगितलं होतं. कांतानं समुद्र पाहिलेला नाही. साडभाऊंनी तिला कबूल केलं, समुद्र दाखवतो.

आणि नेमका त्या घाटात लॅपटॉप बंद पडायचा. चढ लागला की दोन्ही पंखे गिरणीसारखे ओरडू लागत, बटनं तव्यासारखी तापत आणि अर्ध्या घाटात पडदा काळा. रोज तेच. कांता थोडा वेळ वाट पाही आणि "जाऊ द्या, उद्या पाहू," म्हणत उठे. साडभाऊ मात्र काळ्या पडद्यासमोर बसून राहत. मी त्यांना पावसापाण्यात बंद पडलेल्या गाडीपाशी शिट्टी वाजवत उभं राहिलेलं पाहिलं आहे. इथं त्यांना शिट्टी सुचत नव्हती.

लॅपटॉपला वॉरंटी होती. साडभाऊंनी फोन लावला. तिकडून रेकॉर्डवरची बाई बोले, एक दाबा, दोन दाबा, आणि साडभाऊ तिला प्रत्येक वेळी "हो ताई" म्हणून उत्तर देत. शेवटी लॅपटॉप गोधडीत गुंडाळून ते बसनं अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथं तो बरेच दिवस राहिला आणि काही दोष आढळला नाही म्हणून परत मिळाला. थंड हवेचं मशीन लावलेल्या खोलीत त्यांनी तो चालवून पाहिला होता म्हणे. साडभाऊ चिडले. "सपाट रोडवर कोनतीबी गाडी चालते. घाटात टाकून पाह्यली काय तुमी?" त्या लोकांना घाट कुठला ते कळेना.

घरी आणल्यावर पुन्हा तेच. एवढ्यात दसरा आला. नोकरीत असताना खंडेनवमीला साडभाऊ गाडीची अशी पूजा करत की डेपोतले लोक पाहायला येत. ह्या वर्षी त्यांनी तीच पूजा लॅपटॉपची मांडली. झेंडूची माळ, आपट्याची पानं, समोर नारळ. आणि जिथं गाडी तापते तिथंच देवाचा हात फिरावा म्हणून पंख्याच्या जाळीवर मूठभर हळद-कुंकू वाहिलं. लॅपटॉप चालूच होता. पंख्यानं ते प्रेमानं आत ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून घाटाचं सोडाच, गाडी बसस्टँडच्या बाहेरही निघेना.

ह्या खेपेला मीच म्हणालो, मी येतो. वॉरंटी संपत आली होती आणि साडभाऊ तोंडानं भिडस्त. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक चष्मेवाला बसला होता. त्यानं लॅपटॉप आत पाठवला, आणि परत आला तेव्हा पिवळा-लाल झालेला पंखा आमच्यासमोर ठेवला.

"काका, हे वॉरंटीत बसत नाही. आत कचरा गेलाय."

"कचरा?" साडभाऊ उठले. "देवाची हळद हाय ते."

"असेल. पण कंपनीच्या भाषेत कचराच."

साडभाऊंचं तोंड उतरलं. खाली बसले आणि गोधडीची घडी घालू लागले. मला ते पाहवेना. मी बोलायला काही मुद्दा शोधत इकडेतिकडे पाहत होतो, तर काउंटरवरच्या त्यांच्याच कॉम्प्युटरच्या कपाळावर हळदीकुंकवाचा टिळा आणि वर वाळलेलं झेंडूचं फूल.

"साहेब," मी म्हणालो, "ह्या मशीनची वॉरंटी हाय काय?"

"आहे ना."

"मंग ह्याच्यावरचा कचरा कोनं टाकला?"

चष्मेवाल्यानं वर पाहिलं, फुलाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "आजोबा, आम्ही टिळा लावतो. तुम्ही तर त्याला आंघोळ घातली."

"भक्ती कमीजास्त असते," मी म्हणालो, "त्याले दंड नसते." आणि दुरुस्ती लिहून घेतल्याशिवाय उठत नाही म्हणून काउंटरला टेकून बसलो. मागं रांग लागली. रांगेतले लोक आमच्याच बाजूचे निघाले, कारण प्रत्येकाच्या घरी दसरा झालेला. शेवटी आतून मोठा साहेब आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि एवढ्या वेळी वॉरंटीत करून देतो, पुढच्या वर्षी फूल वाहा, असं म्हणाला.

लॅपटॉप आला तो नवे पंखे घेऊन, आणि सगळं धुऊन-पुसून. साडभाऊंनी खेळ मिळवून पुन्हा टाकून घेतला, तर त्यात एकही रस्ता उघडा नाही. डोंगर नाहीत, मळे नाहीत, घाट नाही. जुनी सगळी मेहनत त्या दुरुस्तीत पुसली गेली होती. पुन्हा पहिल्या गावातली पहिली फेरी. मला वाटलं, आता हा माणूस सोडून देणार. त्यांनी दुसऱ्या दिवशी खाकी शर्ट चढवला. "नवीन भरती समजा," म्हणाले, आणि कांता मागच्या खुर्चीवर येऊन बसली. तीच वळणं, तेच बर्फाचे डोंगर. तिनं एकदाही म्हटलं नाही की हे पाहून झालं. एवढ्यात वॉरंटीही संपली, आणि नवे पंखे जुन्यासारखेच ओरडू लागले.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी मी मेथी घेऊन गेलो. दारातच थबकलो. गाडी घाटात होती. पंखे ओरडत होते, आणि साडभाऊ पुढं वाकून एकेक वळण असं काढत होते की जणू खाली खरीच दरी आहे. शेवटचं वळण सुटलं, डोंगर बाजूला झाला आणि समोर सगळं निळं. इकडून तिकडून पाणीच पाणी, त्यावर ऊन. साडभाऊंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि हळूच मागं पाहिलं.

कांता झोपली होती. मान एका बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं होतं.

"उठवा तिले," मी हळू आवाजात म्हणालो. "लवकर उठवा. मशीन तापली हाय, आता बंद पडन."

"पडू द्या."

"अन् समुद्र?"

"उद्या आनू पुन्हा." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "साडभाऊ, मह्या गाडीत सारा जिल्हा झोपला. ही आज पयल्यांदा झोपली."

मी मेथीची पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो. समुद्र मीही पाहिलेला नव्हता. पण कांता जागी होऊ नये म्हणून आम्ही दोघं न बोलता, तो कधी काळा होईल त्याची वाट पाहत, त्या पाण्याकडे बघत बसलो.